एकाच पुस्तकाच्या पाच प्रती कशासाठी?

गेल्या जूनमध्ये शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तक-खरेदीची यादी वर पाठवली, ती आठवड्याभरात परत आली. समासात लाल शाईचा शेरा होता : ‘एकाच पुस्तकाच्या पाच प्रती कशासाठी? खुलासा करावा.’ खुलाशाला दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं, ‘पाच मुलांनी एकदम वाचण्यासाठी.’ यादी पुन्हा पाठवली.

शेरा मारणाऱ्यावर माझा राग नाही. चाळीस पुस्तकांची चाळीस नावं असली की यादी भरगच्च दिसते, दाखल नोंदवही पुढं सरकते आणि तपासणीला आलेल्या माणसाला कपाट भरलेलं दिसतं. मीही वीस वर्षं अशाच याद्या केल्या. दोन ओळींत न मावलेला खुलासा आता इथं करते.

मी माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात अर्धवेळ ग्रंथपाल आहे. ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेमागची खोली, पाच लोखंडी कपाटं आणि एक लांब टेबल. टेबलाचा एक पाय हलतो, त्याखाली जुन्या गाईडचा पुठ्ठा घातलाय. गाईडचा तेवढा उपयोग मी मान्य करते.

सातवीतली एक मुलगी चार वर्षांपूर्वी माझ्याकडं यायची. वाचन खडखडीत. कुठंही अडखळायची नाही, पूर्णविरामाला थांबायची, प्रश्नचिन्हाला आवाज चढवायची. शाळेला पाहुणे आले की वाचायला तिलाच उभं करत. एकदा मी एका कार्डावर चार वाक्यं लिहून तिला दिली. आजीनं चूल विझवली. भाकरी फडक्यात बांधल्या. शेरडं सोडली आणि शेजारणीच्या दावणीला बांधली. दाराला कडी घातली, कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. तिनं ती झकास वाचली. मी विचारलं, “आजी कुठं निघाली असेल? लगेच परत येणार का?”

तिनं कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. म्हणाली, “मॅडम, ते दिलेलं नाही.”

मग मी विचारलं, आजीनं भाकरी कशात बांधल्या? उत्तर तयार. शेरडं कुठं बांधली? तयार. आता या मुलीच्या घरी स्वतःच्या सहा शेळ्या. शेरडं शेजारणीच्या दावणीला बांधायची म्हणजे घरचं माणूस रात्रीला परत येत नाही, हे तिला चौथीत असल्यापासून ठाऊक. पण घरचं शहाणपण ती वर्गाच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची. कागदावरच्या आजीला शेरडं असली, तरी ती तिला खरी वाटतच नव्हती.

‘दिलेलं नाही’ हे शब्द तिला आपणच शिकवले. मराठीची कृतिपत्रिका आली तेव्हा हेतू चांगला होता. पाठांतर कमी व्हावं, उतारा समजून मुलांनी लिहावं. मुलं मात्र आपल्यापेक्षा हुशार. आकृतिबंधातला एक शब्द उचलायचा, तो उताऱ्यात कुठं आहे ते बोटानं शोधायचं, त्याच्या मागंपुढं जे असेल ते चौकटीत भरायचं. उतारा वाचायची गरजच नाही. दहावीतल्या एका मुलानं मला हे प्रात्यक्षिकासह दाखवलं. चार मिनिटांत चार चौकटी भरल्या, सगळ्या बरोबर. उतारा कशाबद्दल होता म्हटल्यावर, “झाडांबद्दल असंल काहीतरी.” उतारा विहिरीबद्दल होता.

खालच्या वर्गांत दुसरी गंमत. ‘असर’च्या पाहणीनं २००५पासून देशाला सांगितलं की पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. ते सांगणं गरजेचंच होतं. पुढं २०२१मध्ये ‘निपुण भारत’ आलं. तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत, तेही अर्थ समजून, असं उद्दिष्ट ठरलं. प्रत्यक्षात झालं असं, की घड्याळ लावून शब्द मोजणं सोपं, म्हणून ते मोजले जातात. ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द मोजायला पोराजवळ बसावं लागतं. बसायला माणूस नाही.

आमच्या जुन्या घरी श्रावणात पोथी लागायची. कधी ‘पांडवप्रताप’, कधी ‘हरिविजय’. आजोबा ओवी वाचायचे आणि शेजारचे एक तात्या अर्थ सांगायचे. वाचणारा वेगळा, अर्थ सांगणारा वेगळा, ही पद्धतच होती. ओसरीवर पंधरावीस बाया-माणसं. त्यांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. माझी आजी त्यांतली एक, वाती वळत बसायची. एका रात्री द्यूताचा अध्याय चालला होता. तात्यांनी अर्थ सांगितला आणि आजी वातीवरची नजर न काढता म्हणाली, “धर्म आधी सोताला हरला, मंग बायकूला लावलं. सोता हरल्यावर त्याचं काय उरलं हुतं लावायला?” तात्या थांबले. आजोबांनी मागची ओवी पुन्हा वाचली, मग आणखी मागची. अर्धी रात्र त्यातच गेली, पोथी एक पानही पुढं सरकली नाही. भर सभेत द्रौपदीनं हाच प्रश्न विचारला होता, हे आजीला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती अंगठेबहाद्दर बाई त्या ओसरीवरची सगळ्यांत चांगली वाचक होती, असं मी आज म्हणेन.

पुस्तक-मंडळ, वाचन-कट्टा, बुक क्लब, नाव काहीही द्या. कुणी हे परदेशी खूळ म्हणालं की मला ती ओसरी आठवते. आपल्याकडं हे होतंच. शाळेत आणताना आपण अर्थ सांगणाऱ्या तात्यांना आणि मध्येच तोंड घालणाऱ्या आजीला बाहेर ठेवलं. उरलं ते पारायण.

माझा पहिला प्रयत्न मात्र सपशेल फसला, तेही सांगायला हवं. एका प्रशिक्षणात शिकागोच्या हार्वे डॅनियल्स यांच्या पद्धतीबद्दल ऐकलं. त्यांचं पुस्तक १९९४चं. मुलांचे लहान गट करायचे, एका गटानं एकच पुस्तक वाचायचं आणि प्रत्येकाला एक काम : एकानं प्रश्न काढायचे, एकानं अवघड शब्द शोधायचे, एकानं चित्र काढायचं, एकानं गोष्ट आपल्या आयुष्याशी जोडायची. मी हौसेनं रंगीत कार्डं केली, लॅमिनेशन करून आणली. पुस्तकाची प्रत एकच होती, म्हणून एका गोष्टीच्या झेरॉक्स काढल्या.

शब्द शोधणाऱ्या मुलीनं पहिल्या पानावरचे पाच शब्द उचलले आणि कागद मिटला. तिचं काम झालं होतं! चित्रवाल्यानं शीर्षक वाचून चित्र काढलं. प्रश्नवाल्यानं ‘कथेचे नायक कोण?’ असे, गाईडमध्ये शोभतील असे पाच प्रश्न काढले. पाच जणांत मिळून गोष्ट कुणीच वाचली नव्हती. कृतिपत्रिकेच्या चौकटींना मी फक्त रंग लावला होता. नंतर कळलं की डॅनियल्स यांनीही पुढच्या आवृत्तीत हाच इशारा दिला होता, ही कार्डं चार दिवसांचा आधार म्हणून ठीक, पुढं तीच डोक्यावर बसतात. ती कार्डं आता कपाटात ओळखपट्ट्या म्हणून लावलीत. लॅमिनेशन चांगलं झालं होतं.

आता आमच्याकडं गुरुवारचा शेवटचा तास असतो. पाच मुलं, पाच प्रती, लांब टेबल. त्याहून मोठा गट केला की दोघं बोलतात आणि बाकीचे खिडकीतून मैदान बघतात. नियम एकच : काहीही म्हण, पण पान सांग. ‘मला वाटतं तो खोटं बोलतोय’ म्हणायचंय? कुठल्या पानावर वाटलं? मग पाची जण ते पान काढतात. यासाठी पाच प्रती लागतात. एकच प्रत असेल तर पुस्तक ज्याच्या हातात त्याचा शब्द शेवटचा. तो बहुतेकदा हुशार मुलगा असतो, नाहीतर मी.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या गटाला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिली. १९५५ची कादंबरी, पातळ पुस्तक, आमच्या माणदेशाचीच गोष्ट. मेंढपाळांच्या लहानशा वाडीत एक तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडतात. गटात वर्गात पहिली येणारी मुलगी होती. आणि एक मुलगा होता, अजून ओळीखाली बोट ठेवून वाचणारा, जोडाक्षराला अडणारा. दिवाळी झाली की त्याचं घर मेंढरांमागं निघतं. हा तेव्हा शाळेसाठी आजीजवळ राहायचा.

पहिली येणारी म्हणाली, “शेवट दुःखाचा आहे. गाव संपलं.” तिनं पान सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असावी.

हा म्हणाला, “संपलं कुठं? जगायला गेल्यात.”

“म्हणजे तेच ना.”

“तेच कसं? पाऊस झाला की येत्यात. आमी न्हाई का येत?”

“लेखकानं येतात असं लिहिलेलं नाही.”

“न्हाई येत असं तरी कुठं लिवलंय? पान सांग.”

माझाच नियम, आणि त्यानं तो बरोबर जागी वापरला. पाच डोकी शेवटच्या पानांत गेली. माणसांनी बरोबर काय नेलं, मागं काय ठेवलं, मास्तरला ते कसं दिसलं, परत येणार असं मास्तरला वाटतंय का, आणि मास्तर परगावचा म्हणून त्याला तसं वाटत नसेल का, हा शेवटचा मुद्दा त्या पहिल्या येणाऱ्या मुलीचाच. सांगणारा माणूस बाहेरचा आहे आणि त्याला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं, हे कथनाचं मर्म तिला तिथं सापडलं. मराठीच्या प्राध्यापकांना हे सांगायला एक व्याख्यान लागतं. शाळा सुटली, एसटी धरणारी दोघं पळाली. वाद मिटला नव्हता. ती शेवटची पानं त्या पोरांनी तीनतीनदा वाचली होती, आणि वाचा असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

अमेरिकेत १९८८मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं तो उतारा जास्त चांगला समजली. वाचनात पक्की, पण खेळ न जाणणारी मागं पडली. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. मेंढरांमागं जाणारं पोर माझ्यासमोर बसलं होतं.

उलटही होतं. त्याच मुलाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दिला तेव्हा पुण्यातल्या गल्ल्यांत सायकल कुठं वळली आणि वाडा म्हणजे काय, हे त्याला उमगेना. त्याच्या लेखी वाडा म्हणजे मेंढरांचा. मग ज्या मुलीचा मामा पुण्यात, तिनं टेबलावर खडूनं गल्ली काढून दाखवली. म्हणून गट हुशार-कच्चे असा पाडायचा नाही. ज्याच्याकडं जे आहे ते टेबलावर आलं पाहिजे.

उपक्रमांबद्दल माझं मत कडक आहे. ज्या उपक्रमानं पुस्तक पुन्हा उघडावं लागतं तो ठेवायचा, बाकी सोडायचे. गोष्ट शेवटाआधी थांबवायची आणि पुढं काय होईल ते चिठ्ठीवर लिहून खडूच्या डब्यात टाकायचं. शेवट वाचल्यावर डबा उघडायचा. हे उत्तम चालतं, कारण ज्याचा अंदाज चुकला तो ‘मला असं का वाटलं’ म्हणून मागं जातो. बनगरवाडीचा नकाशा काढायला लावला तेव्हा शाळा कुठल्या अंगाला काढायची यावर दोन गुरुवार गेले. पात्रावर खटला भरणंही चांगलं, मात्र पुरावा पानातूनच. वेशभूषा, घोषवाक्य, पुस्तकाचं नवं मुखपृष्ठ रंगवणं यांतलं काहीही पुस्तक न वाचता करता येतं. आणि ग्रंथदिंडी? दिंडीत पुस्तकं पालखीत बसतात आणि मुलं उन्हात चालतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. गेल्या वर्षी आमच्या फ्लेक्सला आठशे रुपये गेले. त्यात सातआठ पातळ पुस्तकं आली असती. फ्लेक्स आता एका घराच्या गवताच्या गंजीवर आहे, पावसाळ्यात उपयोगी पडला म्हणतात.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. मी आधी ‘का?’ फार विचारायची. का गेला, का रडली. ‘का’ आलं की पोराचा चेहरा पोलिसचौकीत बसवल्यासारखा होतो. इंग्लंडचे एडन चेंबर्स हे मुलांचे लेखक, ते म्हणत की ‘का’ टाळा, ‘सांग बरं’ म्हणा. मी आता गुरुवारची सुरुवात ‘काय कळलं नाही?’ इथून करते. पहिले दोन महिने सगळे म्हणतात, सगळं कळलं. न कळणं हा आमच्या शाळांत गुन्हा असतो ना. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी हळूच म्हणतं, “मॅडम, ती हसली कशाला ते न्हाई कळलं.” तिथून खरा तास सुरू होतो. मला स्वतःला न कळलेलं एखादं पान मीही सांगते, आणि ते नाटक नसतं.

मराठीचे आमचे सर चांगले आहेत, पण अभ्यासक्रम त्यांच्या मानगुटीवर आहे. ते म्हणतात, “मॅडम, तुमचं पटतं हो, पण तास कुठून आणू?” तास वेळापत्रकात आहेच. ग्रंथालयाचा तास कागदावर असतो आणि गणित-विज्ञानाच्या जादा तासांत जिरतो. तो एक तास परत द्या, दुसरं मागत नाही. पालकांचं म्हणणं, अवांतर वाचनानं मार्क वाढतात का? खरं सांगायचं तर मला आकडा देता येणार नाही, पाचपाच मुलांच्या गटावरून कुणी आकडा दिला तर विश्वासही ठेवू नका. मात्र अमेरिकेतच १९८४मध्ये ॲनमरी पालिंक्सार आणि ॲन ब्राऊन यांनी सातवीतली अशीच मुलं निवडली होती, खडखडीत वाचणारी आणि काहीच न समजणारी. आळीपाळीनं त्यांना गुरुजी केलं. पुढं काय होईल, काय अडलं, सार काय, प्रश्न काय, हे त्यांनी एकमेकांना विचारायचं. काही आठवड्यांत त्यांचं आकलन स्पष्ट सुधारलं. माझ्या शेरडांवाल्या मुलीसारख्या मुली तिकडंही होत्या म्हणायच्या.

कुलपाचं काय, असं माझ्याच व्यवसायातले लोक विचारतील. पुस्तक हरवलं, फाटलं की तपासणीत ग्रंथपाल उभा राहतो. निर्लेखनाचे कागद रंगवण्यापेक्षा कपाट बंद ठेवणं सोपं. मीही ठेवत होते. ‘बनगरवाडी’च्या पाच प्रतींतली एक गेल्या वर्षी परत आली नाही. मुलगा मेंढरांमागं गेला आणि पुस्तक घेऊन गेला. तोच. नोंदवहीत मी ‘वाचकाकडे’ असं लिहिलंय, तपासणीला येणारा काय म्हणेल ते बघू.

म्हणजे आता चार प्रती उरल्या आणि यादी अजून वरच आहे. तेव्हा एक विनंती. वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ, घर आवरताना तुम्ही गावच्या शाळेला पुस्तकं देता. पोतंभर येतात, त्यात जुनी डायजेस्टं, कुणाच्या तरी एकसष्टीची स्मरणिका, दोन शब्दकोड्यांची पुस्तकं असतात. ती नकोत. तुमच्या कपाटात ‘बनगरवाडी’, ‘श्यामची आई’, फास्टर फेणे, असं पोरांनी भांडावं असं एखादं पुस्तक असेल तर ते काढा. मग बहिणीकडं, मित्राकडं, ऑफिसातल्या कुणाकडं तेच पुस्तक आहे का विचारा. पाच प्रती जमल्या की एकत्र बांधा आणि जवळच्या शाळेत नेऊन द्या. आवृत्त्या वेगवेगळ्या असल्या तर पानांचे आकडे जुळत नाहीत, तेवढं बघा.